रायफलवरची दुर्बीण निवडताना

स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. त्या स्पर्धेत ती चालतच नाही. बारीक छिद्रातून नेम धरतात. आपल्याकडे शिकारही कायद्यानं बंद. म्हणून आजच्या गोष्टी जर्मनी-ऑस्ट्रियातल्या शिकाऱ्यांच्या आणि अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या नेमबाजांच्या.

स्वारोव्स्की, श्मिट अँड बेंडर, नाइटफोर्स... या कंपन्यांच्या दुर्बिणींना रुपयांत दोन-तीन लाख मोजल्यावर वाईट काच सहसा कुणी देत नाही. ‘सगळ्यांत भारी कोणती?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमचं वय काय?

हसू नका. पुढच्या भिंगाच्या व्यासाला, दुर्बीण किती पट मोठं दाखवते त्या आकड्यानं भागा. डोळ्याकडे येणाऱ्या झोताची रुंदी मिळते. ५६ मिमीचं भिंग, ८ पट, म्हणजे ७ मिमी. अंधारात तरुण माणसाची बाहुली जवळपास तेवढी उघडते. साठीनंतर बहुतेकांची ५ मिमीच्या आसपासच. मचाणावर संधिप्रकाशात रानडुकराची वाट बघणाऱ्या जर्मन शिकाऱ्यांची ८×५६ ही जुनी लाडकी. पण साठीच्या गृहस्थांनी ती घेतली, तर झोताची कड बाहुलीबाहेरच पडते. तेवढ्या रुंद झोतात मान जरा हलली तरी चित्र टिकतं, हा फायदा आहे खरा. तरी मी त्यांना पट बदलणारी घ्यायला सांगेन. तेच ५६ चं भिंग ११ पटीवर ठेवलं की झोत ५ मिमीचा, आणि जनावरही मोठं दिसतं.

दुसरा वाद रेटिकलचा, म्हणजे नेम धरायला दुर्बिणीत दिसणाऱ्या रेषा-खुणांचा. ते पट बदलणाऱ्या भिंगांच्या पुढच्या प्रतलात असेल तर पटीबरोबर लहानमोठं होतं, त्यामुळे त्यावरच्या खुणांचं माप कुठल्याही पटीवर खरं. अंतर सारखं बदलणाऱ्या स्पर्धांत हेच हवं. पण कमी पटीवर रेषा केसाएवढ्या होतात, आणि झाडीच्या सावलीत त्या दिसतच नाहीत. त्या भिंगांच्या मागच्या प्रतलात रेषा तेवढ्याच जाड राहतात. खुणांचं माप मात्र एकाच पटीवर जुळतं. जंगलात ८० मीटरवर नेम धरणाऱ्याला खुणा लागतातच कशाला? स्पर्धेतल्यांचं बघून पुढच्या प्रतलाची घेणारे शिकारी मला तरी कळत नाहीत.

नेम सरकवण्याची बटणं मिलिरेडियनची की मिनिटांची (दोन्ही कोनाची मापं)? मीटरमध्ये विचार करत असाल तर मिलिरेडियन: बटणाचा ०.१ चा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर. सोबतचे नेमबाज जे वापरतात तेच घ्या, विषय संपला.

दुकानातल्या दिव्यांखाली सगळ्याच झकास दिसतात. दिवस मावळताना बाहेर नेऊन बघा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. कडेला काळं वर्तुळ दिसलं, तर दुर्बीण पुढेमागे सरकवून बघा. तरी जाईना, तर ती तुमच्या मानेची नाही.

आणि माउंटचे, म्हणजे दुर्बीण रायफलवर बसवणाऱ्या कड्यांचे पैसे बाजूला ठेवा. दुर्बिणीची नळी ३४ मिमीची निघाली, तर घरातल्या ३० च्या कड्या तिला बसणार नाहीत.