नापास, विशेष वर्ग आणि मुलाच्या मनातली मोजपट्टी

मुलाला त्याच इयत्तेत ठेवलं किंवा विशेष वर्गात, म्हणजे अभ्यासात अडचण असलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात, घातलं, की ते स्वतःविषयी काय समजू लागतं? ‘ते खचतं’ असं आपण पटकन म्हणतो. हे अर्धंच खरं आहे.

मूल स्वतःला एकच गुण देत नाही. अभ्यास, मित्रमंडळी, खेळ, दिसणं, वागणूक यांचा हिशेब ते वेगवेगळा ठेवतं. त्याशिवाय ‘एकूण मी कसा आहे’ हाही एक हिशेब असतो. मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांच्या १९८५च्या प्रश्नावलीत हे सहा भाग आहेत, प्रत्येकी सहा प्रश्नांचे. प्रश्नाची ठेवण अशी: काही मुलांना अभ्यास चांगला जमतो, काहींना काळजी वाटते, तू कुणासारखा? आणि खूप की थोडाफार? दोन्ही उत्तरं सारखीच स्वाभाविक वाटतात, म्हणून मूल बाईंना आवडेल ते उत्तर शोधत बसत नाही. सहाही भागांची बेरीज करून एकच आकडा काढलात, तर हाती काही लागत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन किंवा गणितात अडखळणाऱ्या, मुलांचा अभ्यासाचा आकडा खाली दिसतो, पण ‘एकूण मी’चा आकडा अनेकदा इतरांइतकाच असतो. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा. नाहीतर तुम्ही त्याचं वाचनच मोजाल.

आता खरी गुंतागुंत. मूल स्वतःला मोजतं ते शेजारच्या बाकावरच्याशी. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी याला ‘लहान तळ्यातला मोठा मासा’ म्हटलं: भोवतालचे कमी असले, की आपण मोठे वाटतो. इयत्ता पुन्हा करणाऱ्या मुलाभोवती एक वर्षाने लहान मुलं येतात, धडे ओळखीचे असतात, आणि अभ्यासाचा आकडा वर जाऊ शकतो. जर्मनीतल्या गणिताच्या एका दीर्घ अभ्यासात मार्श आणि सहकाऱ्यांना २०१७मध्ये असाच फायदा दिसला. दुसरीकडे संशोधक जिमरसन यांनी २००१मध्ये इयत्ता पुन्हा करण्यावरचे वीस अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शैक्षणिक आणि सामाजिक-भावनिक, दोन्ही बाजूंनी चित्र नकारात्मकच निघालं. तुलनेचे गट, वय, सोबतची मदत, सगळंच वेगळं असतं. म्हणून ‘नापास केल्याने फायदा होतो’ असं सरसकट म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

विशेष वर्गातही हेच घडतं. रेनिक आणि हार्टर यांना १९८९मध्ये आढळलं, की तीच मुलं विशेष वर्गातल्या सोबत्यांशी तुलना करताना स्वतःला सक्षम समजतात आणि नेहमीच्या वर्गातल्यांशी करताना कमी. म्हणजे वर्ग बदलल्यावर दोन महिन्यांनी चढलेला आकडा पाहून हुरळू नका. मोजपट्टी बदलली असेल, कौशल्य नसेल. मोजणी बदलापूर्वी करा, सत्राअखेरीस करा आणि मूल नेहमीच्या वर्गात परतल्यावर तर नक्कीच करा. प्रत्येक वेळी विचारा, ‘तू कुणाकडे पाहून हे सांगतोस?’ वाचनाची प्रत्यक्ष चाचणीही शेजारी ठेवा.

वेळापत्रकाकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. मदतीच्या तासाला मुलाला चित्रकलेतून किंवा खेळातून उठवलं जातं, कारण ‘ते विषय महत्त्वाचे नाहीत’. ज्या एका ठिकाणी ते मूल वर्गात पुढे असतं, तेच आपण काढून घेतो. शिवाय दारातून नाव पुकारलं, की सगळा वर्ग वळून पाहतो. तास कोणत्या विषयातून कापायचा हे मुलाला आधी विचारा, आणि घड्याळ पाहून त्याचं त्यालाच उठून जाऊ द्या.