खाडा पडला तर

नमस्कार श्रोतेहो. पाडवा आला, वाढदिवस आला की आपण ठरवून टाकतो: उद्यापासून शंभर बैठका, तासभर अभ्यास, रंकाळ्याला फेरी. चार दिवस दणक्यात जातात. अंगाला सवय नसताना मारलेल्या बैठकांचा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, आणि नेमकं तेव्हाच 'आज राहू दे' सुचतं. तालमीत नव्या पोराला वस्ताद जोर-बैठका मोजून देतात ते उगाच नाही. दहा जोर, वीस बैठका, पंधरा दिवस एवढंच. पुढं दर आठवड्याला दोन जोर आणि पाच बैठका वाढवायच्या. शेजारी हसतील, हसू द्या.

आता वेळ. 'सकाळी सहाला' असं ठरवलेलं शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कामगाराला पाळी बदलली की जमत नाही. म्हणून सवय घड्याळाला न बांधता रोजच्या कामाला बांधा. ठरवताना वाक्य असं करा: 'कामावरून येऊन हातपाय धुतले की चहाआधी पाच गणितं.' पाळी कुठलीही असो, हातपाय धुणं चुकत नाही. वही-पेन आधीच काढून ठेवा, गणिताच्या पानाला खूण घाला. पुस्तक शोधायला गेलेल्या दोन मिनिटांत मोबाईल हातात येतो आणि चहा थंड होतो.

21 दिवसांत सवय लागते, असं सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे रोजची एक नवी सवय लावायला सांगितली. 2010 साली छापलेल्या या अभ्यासात मधला आकडा 66 दिवसांचा निघाला. कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर बसते, व्यायामाला जास्त दिवस लागतात. एखादा दिवस चुकल्यानं मात्र फारसं बिघडलं नाही.

म्हणजे प्रश्न खाड्याचा नाही, त्याच्या हिशेबाचा आहे. घरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याचा खाडा जसा मांडतात, तसाच आपलाही मांडा. झालेल्या दिवसांवर खुणा नकोत, फक्त चुकलेल्या तारखेच्या चौकटीत कारण एका शब्दात लिहा: 'पाहुणे', 'जागरण', 'पाऊस'. महिनाअखेरीला तेच कारण तीनदा दिसलं, तर मन घट्ट करत बसू नका, व्यवस्था बदला. पावसाळ्यात रंकाळ्याची फेरी बुडणारच. 'पाऊस असला तर घरातच वीस बैठका' हे मे महिन्यातच ठरवून ठेवा. पाहुण्यांच्या दिवशी पाच गणितांऐवजी एक. एक सोडवलं तरी तो खाडा नाही. सलग दोन खाडे पडले, तर तिसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट करायला जाऊ नका. त्यानं पुन्हा अंग धरतं आणि चौथा दिवसही जातो. नेहमीचं प्रमाण अर्धं करून सुरू करा.

व्यायाम, अभ्यास आणि बचत तिन्ही एकदम काढू नका. पहिल्याचे खाडे महिन्याला दोनवर आले, की मगच दुसरं हातात घ्या.