डंकनचे घोडे, लियरचे सरदार

नमस्कार, श्रोतेहो.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाच्या दुसऱ्या अंकातला चौथा प्रवेश. राजा डंकनचा त्याचाच सरदार मॅकबेथ यानं खून केलाय. रॉस हा सरदार एका सत्तरीच्या म्हाताऱ्याशी बोलतोय. भरदिवसा अंधार पडलाय. उंच झेपावणाऱ्या ससाण्याला उंदरांवर जगणाऱ्या घुबडानं मारलं. डंकनचे उमदे घोडे तबेला फोडून उधळले आणि एकमेकांना खाऊ लागले. मॅकडफ हा दुसरा सरदार येईपर्यंत कथानक जागचं हलत नाही, म्हणून हा संवाद प्रयोगात कापायचा मोह होतो. तो कापला की खुनाचा अर्थच अर्धा राहतो.

कारण त्या काळच्या इंग्लंडमध्ये सृष्टी ही एक उतरंड मानली जाई. सर्वांत वर ईश्वर, मग देवदूत, माणूस, पशुपक्षी, वनस्पती, तळाशी दगड आणि धातू. प्रत्येक थराचा एक प्रमुख: ग्रहांत सूर्य, पशूंत सिंह, पक्ष्यांत गरुड, धातूंत सोनं, माणसांत राजा. एका थरातला प्रमुख पडला की हादरा बाकीच्या थरांना बसतो. १५४७पासून चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या आज्ञापालनाच्या प्रवचनात हीच रचना सांगितलेली होती. प्रेक्षकांच्या ती कानांवरून गेलेली असे.

पण म्हणून शेक्सपिअर या रचनेचा प्रचारक होता, असं समजू नये. ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’मध्ये दर्जाक्रमाची थोरवी ग्रीकांचा धूर्त सेनानी युलिसिस गातो आणि त्याच प्रवेशात द्वंद्वासाठी योद्धा निवडण्याच्या सोडतीत लबाडी करण्याचा बेत आखतो! भाषण कुणाच्या तोंडी आहे, हे आधी पाहावं.

‘किंग लियर’मध्ये तर राजा आपली पायरी स्वतःच सोडतो. राज्य मुलींना वाटून टाकतो. राजाचं नाव, मान आणि शंभर सरदार तेवढे ठेवतो. इथे आकडे नीट ऐका. थोरली मुलगी गॉनरिल शंभराचे पन्नास करते. दुसरी मुलगी रेगन म्हणते, पंचवीस पुरे. मग गॉनरिल विचारते, पंचवीस, दहा, पाच तरी कशाला? आणि रेगन: एक तरी कशाला? लियरचं उत्तर असं: गरजेपुरतंच द्यायचं ठरवलं, तर माणसाचं जिणं जनावराइतकंच स्वस्त. आकडा उतरतो तसा राजाही थर उतरत जातो. पुढच्या अंकात वादळात, वेड्या भिकाऱ्याचं सोंग घेतलेल्या उघड्यावागड्या एडगरकडे पाहून, माणूस म्हणजे दोन पायांचं गरीब जनावर, असं तो म्हणतो आणि स्वतःचे कपडे फाडू लागतो. अभिनेत्यानं इथे नुसता आरडाओरडा केला तर ही उतरण हरवते.

‘मॅकबेथ’मध्ये शेवटी डंकनचा मुलगा माल्कम राजा होतो, घडी पुन्हा बसते. ‘लियर’मध्ये तशी बसत नाही. मेलेल्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, कवेत घेऊन म्हातारा लियर विचारतो: कुत्र्याला, घोड्याला, उंदराला जीव आहे, मग तुझ्यातच श्वास का नाही? या प्रश्नाला रंगमंचावर कुणीही उत्तर देत नाही.