दरोड्याच्या तयारीत: पारधी, विमुक्त आणि आदिवासी आरोपींचा बचाव

समोर तरुण वकील आणि वस्त्यांवर काम करणारे कार्यकर्ते बसले आहेत, म्हणून इतिहास थोडक्यात सांगतो आणि लगेच कामाकडे वळतो. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ साली आला, १९११ मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत पोचला, १९२४ मध्ये पुन्हा मांडला गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यातून सुटलेल्या जमाती म्हणजे विमुक्त. हजेरी, बोटांचे ठसे, सोलापूरसारख्या सेटलमेंट, म्हणजे बंदिस्त वसाहती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला त्यातले एकच कलम आठवून द्यायचे आहे. नोंद झालेला माणूस एखाद्या ठिकाणी सापडला आणि तो चोरी किंवा लूट करण्याच्या बेतात होता असे कोर्टाला परिस्थितीवरून वाटले, की तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी व्हायची गरज नव्हती. तो माणूस कोणत्या जमातीत जन्मला, यावरूनच त्याचा हेतू ठरत असे.

फौजदारी जबाबदारीला दोन गोष्टी लागतात, कृती आणि तिच्यामागचा हेतू किंवा जाणीव. दोन्ही सरकार पक्षाने सिद्ध करायच्या. माझे म्हणणे असे आहे की विमुक्तांच्या खटल्यांत आजही यातली दुसरी गोष्ट न सिद्ध करता गृहीत धरली जाते. ती कुठे गृहीत धरली जाते ते ओळखले, तर बचाव उभा राहतो.

पहिली जागा म्हणजे ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’ ही बातमी. तुम्ही ती शेकडो वेळा वाचली असेल. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१०, पोटकलम ४ आणि ५. तयारीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, नुसते जमण्याला सात. पूर्वी भारतीय दंड संहितेत हीच ३९९ आणि ४०२ होती. मुद्देमालाची यादी जवळजवळ ठरलेली असते: कोयता, कटावणी, नायलॉनची दोरी, मिरचीची पूड, बॅटरी. फिर्यादी पोलीस, पंच ओळखीचे, वेळ मध्यरात्रीची, माहिती ‘गुप्त बातमीदारा’ची.

अशी फाइल आली की आधी माणसे मोजा. दरोड्याला पाच किंवा अधिक माणसे लागतात. चार पकडले आणि ‘एक अंधाराचा फायदा घेऊन पळाला’ असे लिहिले असेल, तर त्या पाचव्याचे नाव, वर्णन, नंतरचा शोध हे सगळे कागदावर आहे का ते पाहा. पुष्कळदा तो पाचवा फक्त कलम बसवण्यापुरता आलेला असतो. मग हेतू. १९७९ मध्ये बिहारच्या एका खटल्यात आठ माणसे रात्री एक वाजता शाळेच्या आवारात सापडली होती, काहींकडे बंदुका आणि काडतुसे होती. सर्वोच्च न्यायालयाने तरीही त्यांना या आरोपातून सोडले, कारण ते दरोड्यासाठीच जमले होते हे दाखवणारा पुरावा नव्हता. जमण्याचा हेतू दुसराही काही असू शकतो. बंदुका असून हे, तर पालावरच्या माणसाच्या कोयत्यावरून काय सिद्ध होणार? कोयता हे त्याचे रोजचे हत्यार आहे. उसाच्या फडात जाणाऱ्या प्रत्येकाकडे तो असतो. मुकादमाची, टोळीतल्या मजुरांची साक्ष यासाठी महत्त्वाची. ती पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या, हंगाम संपला की माणसे पांगतात.

आता झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या. ते दंडाधिकाऱ्यांकडे विनाविलंब जायला हवे. पहिल्याच रिमांडला लेखी अर्ज देऊन ते मागा. चित्रीकरण नसेल तर ती नोंद रोजनाम्यात येऊ द्या. पुढे उलटतपासणीत हीच नोंद कामाला येते. तोंडी मागणीचा मागमूस राहत नाही.

दुसरी जागा ओळख. जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीचीच शिक्षा सुनावली. त्यातला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले आणि राज्याला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधली चार वेगळ्याच माणसांची छायाचित्रे दाखवली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. हा कागद आधीपासून होता. सहा माणसांची सोळा वर्षे त्या कागदाकडे नीट न पाहण्यात गेली, आणि खऱ्या गुन्हेगारांना मोकळे रान मिळाले.

म्हणून ओळख परेडचा प्रत्येक तपशील तपासा. एका आरोपीमागे किमान अर्धा डझन डमी, तेही त्याच अंगकाठीचे, वयाचे आणि वेशाचे हवेत. पारधी आरोपीच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टातले सहा जण उभे केले, तर ती ओळख काय कामाची? अटकेपासून परेडपर्यंत त्याचे तोंड झाकलेले होते का, वर्तमानपत्रात फोटो आला होता का, हे विचारा. फोटोचे कात्रण आणि त्याची तारीख जपून ठेवा.

तिसरी जागा चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची हमी मागणारी प्रतिबंधक कारवाई. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२९, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ११०. इथे माणूस सवयीने चोर आहे हे ‘सर्वसाधारण लौकिका’वरून सिद्ध करता येते आणि तीन वर्षांपर्यंतचे बंधपत्र मागता येते. एरवीच्या खटल्यात आरोपीचे वाईट चारित्र्य पुरावा म्हणून चालत नाही, आरोपीने स्वतः चांगुलपणाचा पुरावा दिला नाही तर. लौकिक कोणी ठरवला, ते साक्षीदार त्या वस्तीला ओळखतात का, हे विचारल्याशिवाय आरोपीला बंधपत्रावर सही करू देऊ नका. ३ ऑक्टोबर २०२४ च्या कारागृहांतील जातिभेदाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘सराईत’ हा शब्द कायद्यातल्या व्याख्येपुरताच वापरावा, विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. त्याची प्रत जवळ ठेवा.

आता सर्वसाधारण अपवादांविषयी, म्हणजे कृती करूनही कायद्याने गुन्हा ठरत नाही अशा प्रसंगांविषयी. कार्यकर्त्यांना वाटते की परंपरा, अंधश्रद्धा, अज्ञान यांचा कायद्यात मोठा बचाव आहे. तसा नाही. १९५२ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाने जंगलात पाने गोळा करायला गेलेल्या एका बापाला सोडले, कारण त्याने स्वतःच्या मुलाला वाघ समजून कुऱ्हाड चालवली होती. ही वस्तुस्थितीची चूक झाली, आज न्याय संहितेचे कलम १७. समोर वाघ असता तर त्याची कृती गुन्हा नव्हतीच. पण सातपुड्यात शेजारणीला डाकीण ठरवून मारले, तर मारणाऱ्याला समोर कोण उभे आहे हे माहीत असते. चूक होते ती तिच्या शक्तीबद्दलच्या समजुतीत. हा बचाव तिथे चालत नाही आणि चालूही नये, कारण मरणारी बहुधा आदिवासी बाईच असते. मोहाच्या दारूचेही तसेच. आपणहून प्यायलेल्याला जाणीव होती असे कायदा धरतो. पण हेतू आपोआप धरला जात नाही, त्यामुळे न्याय संहितेच्या कलम १०३ (खून) ऐवजी १०५ (सदोष मनुष्यवध) चा युक्तिवाद शक्य असतो. अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला तरी त्याला फक्त शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकवावे लागते. सरकार पक्षाइतका निःसंशय पुरावा त्याच्याकडून अपेक्षित नाही.

अॅट्रॉसिटी कायद्याबाबत एक सावधगिरी. खोट्या गुन्ह्यात गोवल्याची तक्रार फासेपारधी करू शकतो, कारण तो अनुसूचित जमातीत आहे. वडार, रामोशी, कंजारभाट विमुक्त यादीत येतात, त्यांना हा कायदा लागत नाही. हा अन्याय आहे असे माझे ठाम मत आहे, पण तक्रार लिहिताना दाखला पाहूनच लिहा.

शेवटी जामीन, कारण बहुतेक माणसे तिथेच अडकतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कधीही दोषी न ठरलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटू शकतो. पोटकलम २ मात्र एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असलेल्याला ही सवलत नाकारते. ज्याचे नाव प्रत्येक घरफोडीत घातले जाते, तो इथेच बाद होतो. म्हणून जुन्या प्रकरणांची यादी करून, जी निर्दोष सुटून किंवा तपास बंद होऊन संपली आहेत त्यांच्या निकालाच्या प्रती लावा. पोलिसांच्या अहवालात ती ‘प्रलंबित’ म्हणून राहिलेली सापडतील. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, सातबारा नाही, घरपट्टीची पावती नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते, आणि महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकते. आठव्या दिवशी प्राधिकरणाला पत्र द्या, पोच घ्या, आणि तिसाव्या दिवशी ती पोच जोडून कोर्टात वैयक्तिक जातमुचलक्यासाठी अर्ज करा.