आम्लाची टाकी कशाची असावी?

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या बडोद्यातील अनेक मराठी घरांत कोणी ना कोणी नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत किंवा मकरपुऱ्याच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये काम करीत असते, आणि त्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: आम्लासाठी स्टेनलेस स्टील घेतले की काम झाले ना? तसे होत नाही. धातूच्या किमतीकडे पाहण्याआधी आम्ल कोणते, किती तीव्र, किती गरम आणि त्यात आणखी काय मिसळलेले आहे, हे विचारावे लागते.

सल्फ्युरिक आम्लच घ्या. ९८ टक्के तीव्रतेचे हे आम्ल नेहमीच्या तापमानाला साध्या एम.एस.च्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या (साध्या पोलादाच्या) टाकीत वर्षानुवर्षे राहते, कारण पोलादावर आयर्न सल्फेटचा थर बसतो आणि तोच पुढची झीज आवरतो. पाइपमधून आम्ल वेगाने वाहू लागले की हा थर धुऊन निघतो. पाणी शिरले तर टिकतच नाही. पावसाळ्यात टाकीच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या तोंडातून, दमट हवा आत जाते, आम्लाच्या पातळीच्या वर भिंतीवर राहिलेला पातळसा लेप तो ओलावा शोषून सौम्य होतो आणि नेमका तिथलाच पत्रा खातो; म्हणून व्हेंटवर ओलावा शोषणारे सिलिका जेल बसवतात. या झिजेतून हायड्रोजन वायूही सुटतो, त्यामुळे अशा टाकीवर वेल्डिंग करण्याआधी आतील वायूची तपासणी झालीच पाहिजे. दुर्दैवाने घाईच्या दिवशी नेमकी हीच तपासणी राहून जाते.

हायड्रोक्लोरिक आम्लापुढे नेहमीच्या वापरातले ३०४ क्रमांकाचे स्टेनलेस स्टील तर नाहीच, पण मॉलिब्डेनम धातू मिसळलेले ३१६ सुद्धा तग धरत नाही. तिथे रबर लायनिंग (आतून रबराचे अस्तर), एफआरपी (काचतंतूंनी बळकट केलेले प्लास्टिक) किंवा ग्लासलाइन्ड, म्हणजे आतून काचेचे अस्तर असलेले रिअॅक्टर वापरतात. निकेल-मॉलिब्डेनमचा महागडा मिश्रधातू शुद्ध हायड्रोक्लोरिकमध्ये उत्तम चालतो, पण त्या आम्लात फेरिक क्षार (लोहाचे क्षार) आले की झपाट्याने झिजतो, आणि नायट्रिक आम्लात तर तो घालूच नये. त्याच सौम्य नायट्रिकमध्ये पुष्कळ स्वस्त असलेले ३०४ एल (३०४ चाच कमी कार्बनचा प्रकार) निर्धास्तपणे काम करते. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचच खाते, तेव्हा काचेचे अस्तर तिथे बाद.

शंका असेल तेव्हा धातूच्या वजन केलेल्या पट्ट्या प्रत्यक्ष आम्लात टांगून पाहाव्यात: एक बुडालेली, एक पातळीच्या रेषेवर, एक वाफेत, आणि त्यांपैकी काही वेल्ड केलेल्या. वजनातील घटीवरून वर्षाला किती मिलिमीटर झीज होईल ते काढता येते; मात्र हा आकडा सरासरीचा असतो, आणि टाकीला गळती लावायला एकच खोल खड्डा पुरतो, म्हणून पट्टी भिंगाखाली धरून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.