‘मस्त होता’ याच्या पुढे

श्रोतेहो, नमस्कार.

पडद्यावर नावं सरकायला लागली की माणसं उठतात आणि दाराकडे जाता जाताच पहिलं वाक्य येतं. “मस्त होता.” “फार पकवलं.” “सुरुवात चांगली होती, नंतर ढेपाळला.” दुसऱ्या दिवशी गप्पांमध्ये, फोनवरच्या ग्रुपमध्ये हीच वाक्यं फिरत राहतात. त्यामागची भावना अगदी खरी असते. पण ऐकणाऱ्याच्या हाती काय लागतं? ज्यानं चित्रपट पाहिलेला नाही, त्याला पाहावा की नाही ते कळत नाही. ज्यानं पाहिलाय, त्याला तुमच्याशी वाद घालायचा असेल तर धरायला काही सापडत नाही. म्हणून आज आग्रहानं एकच गोष्ट सांगायची आहे: मत देण्याआधी दृश्य सांगा. काय दिसलं, काय ऐकू आलं, ते आधी. आवडलं की नाही, ते नंतर.

हे करायचं तर दृश्य लक्षात राहायला हवं, आणि इथेच पहिली अडचण येते. दोन तासांचा चित्रपट सेकंदाला २४ चौकटी (म्हणजे स्थिर चित्रं) या वेगानं डोळ्यांसमोरून जातो. म्हणजे एकूण १,७२,८०० चौकटी. शेवट आणि दोन-चार ठळक प्रसंग मनात राहतात. प्रसंगांचा क्रम आणि संवादांचे नेमके शब्द मात्र झोप झाली की विरायला लागतात. तेव्हा त्याच रात्री पाच ओळी लिहून ठेवा. डोळ्यांसमोर अजून उभी असलेली एक चौकट, तीसुद्धा माणूस कुठे उभा होता आणि उजेड कुठून येत होता यासकट. एखादा आवाज. आठवत असेल तसाच्या तसा एक संवाद. लक्ष कुठल्या प्रसंगात उडालं तो प्रसंग. आणि एक न सुटलेला प्रश्न. या पाच ओळींत ‘सुंदर’, ‘जबरदस्त’, ‘भिकार’ असली विशेषणं येऊ देऊ नका. विशेषणं नंतर कधीही सुचतात. पाहिलेलं मात्र पुन्हा हाती लागत नाही.

आता एक दृश्य जवळून बघू. कल्पनेतलंच आहे. मुलगा घर सोडून निघालाय. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी आहे, भांडी धुतेय. कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जागचा हलत नाही. संगीत नाही, नळाचं पाणी तेवढं ऐकू येतंय. मुलगा चौकटीबाहेरून म्हणतो, “निघतो.” आईचे हात थांबतात, पाणी चालूच. चार-पाच सेकंद जातात. ती नळ बंद करते. आणि आता, पाण्याचा आवाज थांबल्यामुळेच, दार लागल्याचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येतो.

हे पाहून बाहेर आलेला प्रेक्षक बहुतेक वेळा म्हणेल, “आईचं काम करणारीनं रडवलं.” पण तिचा चेहरा तर दिसलाच नाही! तिनं हात थांबवले ते अभिनय म्हणून अचूकच होते, त्याचं श्रेय तिचंच. पण रडवलं ते तिनं एकटीनं नाही. चेहरा न दाखवण्याचा निर्णय दिग्दर्शकाचा. मधले ते चार-पाच सेकंद न कापण्याचा निर्णय संकलकाचा आणि दिग्दर्शकाचा मिळून. पाण्याचा आवाज इतका मोठा ठेवायचा की तो थांबल्यावर शांतता अंगावर यावी, हे काम ध्वनीच्या माणसांचं. हाच प्रसंग आईच्या डोळ्यांवर क्लोजअप लावून आणि मागे व्हायोलिन वाजवून करता आला असता. तेव्हाही काही जणांना रडू आलं असतं, पण ते रडू वेगळ्या जातीचं. तुम्ही नुसतं “रडवलं” म्हणालात, तर या दोन चित्रपटांतला फरक ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

श्रेय चुकीच्या माणसाला देण्याची ही सवय जुनी आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांच्या नावानं ओळखला जाणारा एक प्रयोग १९२० च्या आसपासचा आहे. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला आणि तो सूपच्या ताटलीला, मग शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची तारीफ केली, भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं, अशी हकीकत सांगितली जाते. चेहरा तोच होता. अर्थ तयार झाला तो शेजारच्या चित्रामुळे. तेव्हा “अभिनय छान” म्हणण्याआधी बघा: नटानं त्या एका शॉटमध्ये, न कापता, काही बदलून दाखवलं का? श्वास, नजर, बोलण्याचा वेग? तसं असेल तर तो शॉट सांगा. कौतुक करायला याहून भक्कम आधार नाही.

आता कंटाळ्याकडे येऊ. चित्रपटांविषयी सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा शब्द म्हणजे ‘संथ’. संथ असणं हा दोष नाही, लांबलेलं असणं हा दोष आहे. दोन्हींत फरक करायची एक साधी कसोटी आहे. ज्या प्रसंगात लक्ष उडालं तो मनातल्या मनात काढून टाका. पुढचं काही अडतं का? एखाद्या माणसाबद्दलची आपली समज बदलली होती का? काहीच अडत नसेल, तर तो प्रसंग खरोखर जादाचा होता. अडत असेल, तर दोष बहुधा प्रसंगाच्या दोन टोकांना असतो. माणूस गाडीतून उतरतो, फाटक उघडतो, जिना चढतो, बेल वाजवतो, आणि मग महत्त्वाचं बोलणं सुरू होतं. बोलणं संपल्यावर पुन्हा तोच जिना. गाभा चांगला असूनही प्रेक्षक दमतो तो या जिन्यांमुळे.

कंटाळ्याचं दुसरं कारण म्हणजे तीच माहिती दोनदा मिळणं. नायकाची नोकरी गेली हे आपण पाहिलं, मग तो बायकोला सांगतो, मग बायको बहिणीला सांगते. बायकोला सांगतानाच्या प्रसंगात तिची प्रतिक्रिया नवी असेल तर तो हवाच. बहिणीचा बहुधा नको. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा चित्रपटवाल्यांचा ढोबळ हिशेब असतो. असे दोन-दोन पानांचे पाच प्रसंग साठले की दहा मिनिटं झाली, आणि प्रेक्षक म्हणतो, “उत्तरार्ध ढेपाळला.” तुम्ही यापुढे जाऊन “नोकरी गेल्याचं तीनदा सांगितलं” असं म्हणालात, तर समोरच्याला विचार करायला काहीतरी मिळतं. कदाचित तो म्हणेल, “तिसऱ्यांदा सांगताना बहीण हसते, ते पाहिलंस का?” इथून पुढे खरी चर्चा सुरू होते.

‘संकलन उत्तम’ हे मत मात्र जपून द्या. काय कापून टाकलं ते प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. दिसतं ते एवढंच: कट कुठल्या क्षणी झाला, बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याचा चेहरा कधी दाखवला, पुढच्या प्रसंगाचा आवाज चित्राच्या आधी आला का. त्याबद्दल बोला.

यानंतरचा मुद्दा फार लोक विसरतात, आणि त्यामुळे चित्रपटांवर अन्याय होतो. तुम्ही चित्रपट कशावर पाहिलात? बऱ्याच टीव्ही संचांमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय मुळातच चालू असते. चित्रपटाच्या २४ चौकटींच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या चौकटी तयार करून घालतो. परिणामी मोठ्या खर्चानं चित्रित केलेला प्रसंगही दैनंदिन मालिकेसारखा दिसायला लागतो, सेट खोटे वाटतात, मारामारी तालमीसारखी वाटते. आणि प्रेक्षक म्हणतो, “छायाचित्रण अगदी हलकं आहे.” चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ किंवा ‘स्मूद’ असं काही नाव असतं, ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, त्यात ही सोय आपोआप बंद होते.

पडद्याच्या वर-खाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांचंही तसंच. पट्ट्या म्हणजे बिघाड नव्हे. अनेक चित्रपट उंचीच्या २.३९ पट रुंद असतात आणि टीव्ही १.७८ पट. पूर्ण रुंदी दाखवायची तर पडद्याची सुमारे पाव उंची काळी राहणारच. झूम करून पट्ट्या घालवल्या की चित्राची जवळपास पाव रुंदी दोन्ही बाजूंनी मिळून कापली जाते. दिग्दर्शकानं अगदी कडेला, दारापाशी उभा केलेला माणूस गायब होतो. मग तुम्हाला वाटतं, नायिका भिंतीशीच का बोलतेय?

संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार तर सतत कानावर येते. कधी दोष आवाजांच्या मिश्रणाचा असतो, कधी तोंडातल्या तोंडात बोलण्याचा. पण आधी घरची बाजू तपासा. सहा ध्वनिवाहिन्यांच्या, म्हणजे सहा वेगळ्या स्पीकरांसाठी केलेल्या, मिश्रणात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील, तर संगीत आणि स्फोट त्याच दोघांतून येतात आणि संवाद खाली दबतात. आवाजाच्या यादीत ‘स्टिरिओ’चा पर्याय असेल तर तो निवडून तोच प्रसंग पुन्हा ऐका. तरीही शब्द कळले नाहीत, तर खुशाल तक्रार करा, आणि ती कुठल्या प्रसंगाबद्दल आहे तेही सांगा.

डब केलेला चित्रपट पाहिला असेल तर तसं स्पष्ट सांगावं. कारण मग तुम्ही ज्या आवाजाबद्दल बोलताय तो पडद्यावरच्या नटाचा नाही. आवृत्तीही सांगावी. ‘ब्लेड रनर’ १९८२ साली प्रदर्शित झाला तेव्हा त्यात नायकाचं निवेदन होतं आणि शेवट सुखाचा होता. १९९२ च्या आवृत्तीत ही दोन्ही काढली गेली, आणि २००७ मध्ये आणखी एक आवृत्ती आली. दोन माणसं शेवटावरून तासभर भांडतात आणि मग कळतं, की दोघांनी वेगवेगळे शेवट पाहिलेत.

रहस्य फोडण्याबद्दल थोडं. बोलण्याच्या सुरुवातीलाच चित्रपटाचं नाव घ्या आणि थांबा, म्हणजे ज्याला ऐकायचं नाही त्याला बाजूला होता येईल. पहिल्या अर्ध्या तासात घडणारं बहुधा सांगायला हरकत नसते, पण हा काही पक्का नियम नाही. १९६० साली ‘सायको’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याचे दिग्दर्शक हिचकॉक यांनी चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत न सोडण्याचा आग्रह धरला होता. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना कारण माहीत आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी ते इथे सांगत नाही. आणि हेही लक्षात ठेवा, “शेवटी जबरदस्त धक्का आहे” एवढं म्हणणं हेसुद्धा रहस्य फोडणंच आहे. ऐकणारा मग अख्खा वेळ धक्क्याची वाट बघतो, समोरचा प्रसंग बघत नाही.

आकड्यांचा आधार घेताना तो आकडा काय मोजतो ते आधी समजून घ्या. रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे किती समीक्षकांचं मत अनुकूल होतं त्याचा हिस्सा. चित्रपट किती चांगला, याचे ते गुण नाहीत. समजा दहा जणांनी “ठीक आहे, बघायला हरकत नाही” म्हणत दहापैकी सहा दिले आणि सगळी मतं अनुकूल धरली गेली, तर झाले शंभर टक्के. दुसऱ्या चित्रपटाला पाच जणांनी दहापैकी दहा दिले आणि पाच जणांनी चार. तिथे टक्केवारी पन्नास, पण सरासरी सात, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त. दुसरा चित्रपट काहींना अजिबात मानवणार नाही आणि काहींच्या मनात घर करून राहील. तुम्ही त्यांतले कोण, हे टक्केवारीला विचारून कळत नाही.

आणि मतं बदलतात, जाणकारांचीही. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. १९५२ च्या पहिल्या कौलात ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल होता आणि ‘सिटिझन केन’ पहिल्या दहांतही नव्हता. तोच ‘केन’ १९६२ पासून २००२ पर्यंत प्रत्येक वेळी पहिला आला. चित्रपटातली एक चौकटही बदलली नव्हती. म्हणून आपलं गेल्या वर्षीचं मत आज बदललं असेल तर ते लपवायचं कारण नाही. कुठल्या प्रसंगामुळे बदललं तेवढं सांगा.

समोरच्याचं मत पटलं नाही, तर “तुला कळलाच नाही” हे वाक्य टाळा. त्यानं बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी विचारा, “कुठल्या प्रसंगात तसं वाटलं?” त्याला प्रसंग सांगता आला, तर तुम्ही दोघं एकाच चौकटीकडे बघायला लागता. सांगता आला नाही, तर तोही घरी जाऊन पुन्हा बघेल.

पुन्हा बघताना अख्खा चित्रपट बघायची गरज नसते. ज्यावरून वाद झाला तो पाच-सात मिनिटांचा प्रसंग काढा. एकदा आवाज बंद करून बघा: कोण कुणाच्या किती जवळ आहे, कोण बसलेलं आणि कोण उभं, कट किती वेळानं होतात. मग डोळे मिटून फक्त ऐका: संगीत नेमकं कधी सुरू झालं, भावना आपल्याला जाणवल्याच्या आधी की नंतर? आधी सुरू झालं असेल, तर काय वाटून घ्यायचं ते संगीतच तुम्हाला सांगत होतं. नंतर सुरू झालं असेल, तर तुम्हाला जे वाटलं ते चित्रानं आणि माणसांनी मिळवलेलं होतं. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. वीस मिनिटांत हे सगळं होतं, आणि त्या रात्री लिहिलेल्या पाच ओळींखाली सहावी ओळ येते.

नमस्कार.