प्रवेशाची तयारी अकरावीपासून

पालकहो आणि विद्यार्थी मित्रांनो, दहावीचा निकाल लागला की अकरावी हे विसाव्याचे वर्ष आहे, अशी एक समजूत घराघरांत मूळ धरते. अभ्यासाच्या दृष्टीनेही ती खरी नाही, कारण एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो आणि नीट (वैद्यकीय) व जेईई (अभियांत्रिकी) या देशपातळीवरील परीक्षा तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम गृहीत धरतात. परंतु अभ्यासाविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. ज्या तयारीविषयी कोणी वेळेवर सांगत नाही, त्या कागदपत्रांविषयी आणि प्रवेश अर्जात महाविद्यालये व शाखा ज्या क्रमाने मागायच्या त्या पसंतीक्रमाविषयी मी आज बोलणार आहे.

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल, तर केवळ जातीचा दाखला पुरत नाही. तो दाखला खरा असल्याचे जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रवेशासाठी तिच्या आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा मिळवायचा असतो. ज्यांच्या घरातील त्या पिढीने शाळेची पायरीच चढली नाही, त्यांना जुन्या महसुली नोंदी आणि गावच्या जन्म-मृत्यू नोंदी धुंडाळाव्या लागतात, आणि मला सर्वाधिक काळजी वाटते ती याच घरांची. वडिलांकडे किंवा वडिलांच्या रक्तनात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर काम बरेच हलके होते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयामार्फत अकरावीतच हा अर्ज करता येतो. बारावीच्या परीक्षेनंतर धावपळ सुरू केली, तर जुनी नोंद सापडेपर्यंत प्रवेशफेऱ्या उलटून जाण्याचा धोका असतो.

कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे दाखवणाऱ्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदतही आताच तपासून ठेवा. दहावीचे गुणपत्रक आणि आधार यांवरील नावात एका अक्षराचा फरक असला, तरी तो आजच दुरुस्तीला द्यावा.

मुलींच्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने पूर्ण माफ केले आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला असावा लागतो. घाईने व्यवस्थापन कोट्यातील जागा घेणारे पालक मुलीचा हा हक्क नकळत गमावतात, याचे मला फार वाईट वाटते.

आता पसंतीक्रमाकडे वळू. अभियांत्रिकीच्या पहिल्या कॅप फेरीत पहिल्या पसंतीचीच जागा मिळाली, तर ती स्वीकारावी लागते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर शेजाऱ्याने सुचवलेले नव्हे, तर स्वतः जाऊन पाहिलेले महाविद्यालय आणि विचारपूर्वक निवडलेली शाखा असावी. गेल्या दोन-तीन वर्षांच्या कटऑफ याद्या, म्हणजे कोणत्या जागेवर शेवटचा प्रवेश किती गुणांना झाला याच्या याद्या, ही प्रवेशप्रक्रिया राबवणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. अकरावीच्या मे महिन्यात त्या शांतपणे वाचाव्यात आणि आपला प्रवर्ग, शाखा व जिल्हा यांनुसार टिपण करावे. शिवाय अभियांत्रिकीसाठी खुल्या प्रवर्गाला बारावीच्या संबंधित विषयांत ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण आवश्यक असतात, त्यामुळे सीईटीच्या नादात बोर्डाची परीक्षा दुर्लक्षून चालत नाही.

शेवटी अर्ज भरण्याविषयी. कॅप प्रवेशाचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतः, पालकांना शेजारी बसवून भरावा. सायबर कॅफेत जावे लागले, तरी नोंदणीचा मोबाइल क्रमांक आणि ई-मेल घरचाच द्यावा, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा आणि प्रत्येक फेरीचे वेळापत्रक स्वतः उघडून पाहावे, कारण जागा निश्चित करण्याची मुदत काही दिवसांचीच असते आणि तिची सूचना त्याच क्रमांकावर येते.